गाडी आडवी झाली, मी फक्त सोबत होतो

४ जानेवारी

ठरलं. मोटरसायकल घ्यायची. गेल्या वर्षी सात संकल्प केले होते, त्यामुळे लक्ष विभागलं गेलं. यंदा एकच. एकट्या संकल्पाला चुकारपणा करायला जागा नसते.

विचार आजचा नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकवीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतोय. स्टिअरिंग त्याच्या हातात, जादा ब्रेक माझ्या पायाखाली. अर्धं शहर माझ्या तालमीत तयार झालं. सगळे मला मास्तर म्हणतात, मालकसुद्धा. पण स्वतःची म्हणावी अशी गाडी नाही. स्कूलची कार संध्याकाळी मालकांच्या गॅरेजमध्ये जाते आणि मास्तर पायी घरी येतात.

मोटरसायकल आजवर चालवलेली नाही, हे खरं. पण रस्ता तोच, सिग्नल तेच, समोरून येणारी माणसं तीच. चाकं दोन कमी. म्हणजे शिकायचंही निम्मंच.

११ जानेवारी

शोरूमला गेलो. सेल्समनने विचारलं, कशासाठी हवी. रोजच्या वापरासाठी, म्हणालो. तो लगेच मला स्कूटरकडे घेऊन गेला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग त्याने ती दाखवली. नेकेड रोडस्टर. पुढे काच नाही, इंजिनावर झाकण नाही, सगळा कारभार उघड्यावर. फार मोठी नाही, फार छोटी नाही. रोज कामावर नेता येईल आणि सिग्नलला शेजारचा माणूस वळून बघेल, अशी बेताची.

बसून बघा म्हणाला. बसलो. दोन्ही पाय जमिनीला टेकले. टाचा सोडल्या तर पूर्ण टेकले.

टेस्ट राइड घेणार का, असं त्याने विचारलं. अनुभवी माणसाला गरज नसते, म्हणालो. लायसन्स फक्त कारचं आहे, हे सांगण्याचा प्रसंगच आला नाही.

१२ जानेवारी

घरी जाहीर केलं. जेवताना म्हणालो, मी नेकेड घेतोय. आईचा घास हातातच राहिला. रोडस्टर, असं मी घाईने पुढे जोडलं, पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. चार माणसांत असलं काही बोलत जाऊ नकोस, म्हणाली. मग फोटो दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, बाकीचे भाग कधी बसवणार?

मग हिने तो मागून घेतला. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, हँडल रुंद आहे, वळवायला बरी पडेल. मी म्हटलं, हँडलचं तू सोड, त्यात खोल तंत्र असतं.

हिला शब्द दिला. ही पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. पहाटे उठून, लोकांनी चहा घ्यायच्या आत, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. खांद्याला थंड पेटी आणि दोन-दोन बस बदलायच्या. म्हटलं, आता बस बंद. मी सोडत जाईन. बरं, म्हणाली. विशेष हुरळली नाही. सुखाची सवय नाही तिला.

२ फेब्रुवारी

गाडी आली! शोरूमच्या माणसाने घरापर्यंत चालवत आणली. मी मागून टॅक्सीने आलो. मुद्दामच. आपली गाडी चालताना कशी दिसते, हे मालकाला एरवी कधी बघायला मिळत नाही.

शिकाऊ परवानाही हातात आहे. कॉम्प्युटरवरची परीक्षा होती, पहिल्या झटक्यात पास. मात्र त्यावर एक अट आहे: शिकणाऱ्याने मागे कोणालाही बसवायचं नाही. हिला तसं सांगितलं. ती दारात बूट घालत होती. बरं, म्हणाली आणि बस पकडायला गेली.

नियम म्हणजे नियम. मीच मोडला तर विद्यार्थ्यांनी कोणाकडे बघायचं?

५ फेब्रुवारी, सकाळ

गाडीत दोष आहे. सुरू होते, पण पहिला गिअर टाकला की गप्पकन बंद. नऊ वेळा पाहिलं. नव्या गाडीची ही तऱ्हा! शोरूमला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. मी याच क्षेत्रातला आहे, हे दोनदा सांगितलं. तिकडून एका मुलीने शांतपणे विचारलं, घोडी वर केलीय ना?

५ फेब्रुवारी, दुपार

घोडी, म्हणजे बाजूचा स्टँड, वर केली की गाडी बंद पडत नाही. सुरक्षेसाठी अशी सोय असते म्हणे. गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलंय, पण इतकं सुरुवातीला लिहिलंय की माणूस ते पान सहज उलटून पुढे जातो.

१० फेब्रुवारी

रोज सकाळी कॉलनीमागच्या मैदानावर सराव. प्रगती समाधानकारक. आज सरळ रेषेत गेलो. वळायचं होतं, पण सरळही छान गेली.

एक बारीकशी अडचण आहे. समोर काही आलं की माझे दोन्ही पाय आपोआप खाली दाबले जातात. एकवीस वर्षांची सवय. कारमध्ये तिथे ब्रेक असतो. इथे उजव्या पायाला ब्रेक सापडतो, पण डाव्या पायाखाली गिअर आहे. त्यामुळे गाडी एकाच वेळी थांबतेही आणि उडीही मारते. आज समोर कुत्रं आलं होतं. ते आधी घाबरलं, मग बसून बघत राहिलं.

न्यूट्रल सापडत नाही. पहिला सापडतो, दुसरा सापडतो, मधला कुठे जातो कोण जाणे.

उकडतंही फार. इंजिन उघडं असल्यामुळे सगळी धग गुडघ्यांवर येते आणि वारा थेट छातीवर. गुडघे उन्हाळ्यात, छाती हिवाळ्यात. उद्यापासून आत स्वेटर, खाली पातळ पँट.

१९ फेब्रुवारी

मोठी बातमी. स्कूलमध्ये दुचाकीची बॅच सुरू करायची, असं मालकांच्या मनात आहे. मैदान बघून ठेवलंय, दोन गाड्याही घेणार. योग्य माणूस शोधतोय, म्हणाले. मी घसा साफ केला. ते म्हणाले, खोकल्याला काहीतरी घ्या मास्तर. मग स्पष्टच सांगावं लागलं की योग्य माणूस त्यांच्या समोर बसलाय. त्यांनी विचारलं, लायसन्स आहे ना? येतंच आहे, म्हणालो. आल्यावर बोलू, म्हणाले.

मुख्य प्रशिक्षक, दुचाकी विभाग. पाटी काळी असावी, अक्षरं पांढरी.

पहिल्या दिवशीच्या भाषणाचे मुद्दे तयार केले. विषय: भीती.

३ मार्च

आज टेस्ट होती. निकाल तांत्रिक आहे.

टेस्ट ग्राउंडवर शंकू मांडून ठेवतात आणि त्यांच्यामधून आठचा आकडा काढायला लावतात. पाय टेकवायचा नाही. मी आत्मविश्वासाने निघालो, वर गेलो, वळसा घेतला, खाली आलो आणि तसाच मैदानाबाहेर गेलो. परीक्षक म्हणाले, आठ पूर्ण झाला नाही. मी म्हणालो, हा मराठी आठ आहे. वर जायचं, खाली यायचं, संपलं. त्यांनी पेनाने हवेत इंग्रजी आठ काढून दाखवला. म्हटलं, मग तसं आधी सांगायला पाहिजे.

आमच्या स्कूलमध्ये शिकणाऱ्या डेंटिस्टबाईंची कारची टेस्टही आजच होती. चढावर हमखास कार बंद पाडणाऱ्या बाई. त्या पहिल्या फटक्यात पास. माझ्या शिकवण्याचं चीज झालं. त्यांनी विचारलं, मास्तर, तुमचं काय झालं? म्हटलं, मला थोडं भाषेचं अडलं.

घरी आईने विचारलं, पास का? हिने तिला हळूच काहीतरी खूण केली. दोघी जेवायला वाढायला लागल्या.

१४ मार्च

सकाळी एक प्रकार घडला. तो नीट लिहून ठेवला पाहिजे.

बसवाल्यांनी अचानक काम बंद केलं. हिला पाच घरं गाठायची होती, त्यातले दोघे शुगरचे म्हातारे, उपाशीपोटी वाट बघत बसलेले. टॅक्सी मिळेना. ही गॅलरीत उभी राहून दोन-तीन फोन करून आली आणि म्हणाली, अहो, किल्ली द्या.

मला वाटलं कपाटाची.

ती म्हणाली, गाडीची. माझ्याकडे लायसन्स आहे. आणि पर्समधून काढून दाखवलं. खरंच होतं. फोटोत केस कापलेले. दोन वर्षांपूर्वीच पुन्हा नवं करून घेतलंय म्हणे. कशाला, असं विचारलं तर म्हणाली, असू द्यावं.

मी खाली जाऊन तिला सगळं समजावून सांगणार होतो. घोडी, न्यूट्रल, धग. चप्पल सापडेपर्यंत आवाज आला. गॅलरीतून बघितलं तर ही पेटी पाठीला बांधून फाटकाबाहेर पडत होती. खटका नाही, उडी नाही. नव्या गाडीला पहिल्यांदा हात लावताना इतकी बेफिकिरी बरी नव्हे.

परत आल्यावर म्हणाली, दुसऱ्या गिअरमध्ये मस्त ओढते. मी म्हणालो, हो, मीच तशी बसवून घेतलीय.

२० मार्च

बस सुरू झाल्या, पण पहाटे गाडी ही नेते. मीच परवानगी दिली. नवी गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. ही इंजिन मोकळं करून आणते आणि मग मी साडेआठला सरावाला घेतो. एक प्रकारे ती माझ्यासाठीच राबतेय.

आईच्या लक्षात आलंय की हिला हल्ली सकाळी एक तास जास्त झोप मिळते. चेहरा बरा दिसतो तुझा सूनबाई, असं म्हणाली. मी वर बघितलं. आरसे मात्र हिने स्वतःच्या उंचीला लावून घेतलेत. मी चालवताना मला त्यात फक्त माझे खांदे दिसतात. असो.

२८ मार्च

दुसरी टेस्ट. या वेळी इंग्रजी आठच काढायचा, असं घोकून गेलो होतो. अर्धा आठ अप्रतिम निघाला. मग एका शंकूकडे माझं लक्ष गेलं. तो जरा वाकडा ठेवलेला होता. त्याकडे बघत राहिलो आणि गाडी त्याच्यावरच गेली. तिथून सावरलो तर समोर परीक्षकांची खुर्ची. पाय सवयीने दाबले गेले. गाडीने उडी मारली.

परीक्षक वयाच्या मानाने चपळ आहेत.

खुर्ची प्लास्टिकची होती. भरून देतो म्हटलं तर नको म्हणाले, फक्त काही दिवस येऊ नका. वर फुकटचा सल्ला: जिकडे बघाल तिकडे गाडी जाईल, म्हणून जायचंय तिकडे बघा. हे वाक्य मी रोज विद्यार्थ्यांना सांगतो. चोरलंय माझं.

२ एप्रिल

मालकांचा फोन. संध्याकाळी घरी येतो म्हणाले. दुचाकी बॅचबद्दल बोलायचंय.

म्हणजे लायसन्सची वाट न बघता निर्णय घेतला. पारखी माणूस आहे. पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. हिला म्हटलं, आज लवकर ये, प्रसंग आहे. आईला म्हटलं, ती जुनी साडी बदल.

२ एप्रिल, संध्याकाळ

झालं ते क्रमाने लिहितो.

मालक आले. बसले. चहा घेतला. मी भीती या विषयावरचे मुद्दे सहज बोलता बोलता मांडायला सुरुवात केली. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, वहिनी कुठायत?

ही आतून आली. मग कळलं. मालकांच्या वडिलांचं रक्त न्यायला ही दर आठवड्याला त्यांच्याकडे जाते. त्यांचं घर एका बोळात आहे. बोळ इतका अरुंद की लोक तिथे सायकलसुद्धा हातात धरून वळवतात. मालकांनी परवा खिडकीतून पाहिलं. हिने गाडी त्या बोळात एका दमात फिरवली, पाय न टेकवता, पाठीवर पेटी. पेटीतली एकही नळी हलली नाही. तेव्हापासून म्हणे त्यांच्या डोक्यात एकच. बायकांची चौकशी फार येते, बाई शिकवणार असेल तर आम्ही येतो म्हणतात. वहिनींनी दुपारची बॅच घ्यावी.

ही माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, हिला लॅब आहे. घर आहे. शिकवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, त्याला पिंड लागतो.

ही मालकांना म्हणाली, कळवते. मग कपबशा उचलून आत गेली. मालकही फार बसले नाहीत. दारात मला म्हणाले, मास्तर, विचार करा. कसला विचार करायचा ते बोलले नाहीत.

आई जुनी साडी पुन्हा नेसून बसली.

५ एप्रिल

हिने तो विषय काढलेला नाही. भांडण नाही, रुसवा नाही. फक्त गेले तीन दिवस बसने जाते. गाडीची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवलीय, नेहमीच्या हुकाला नाही. आरसेही परत माझ्या उंचीला लावून दिलेत.

उत्तम झालं. आता गाडी पूर्णवेळ माझी. सरावात खंड नको.

आरशात मी स्पष्ट दिसतो. एवढं स्पष्ट दिसायची गरज नव्हती.

७ एप्रिल

घरात आवाज फार कमी आहे. आई माझ्याशी मोजकं बोलते. आज ताटात वाढताना म्हणाली, पिंड लागतो ना रे शिकवायला? तिला काही उत्तर द्यावं तर ती आतल्या खोलीत जाऊन रेडिओ लावून बसली.

डेंटिस्टबाईंनी स्कूलमध्ये फोन करून विचारलं, बाईंची बॅच कधी सुरू होतेय? त्यांनाही शिकायचंय म्हणे. मालकांनी फोन माझ्याकडे दिला. मी सांगितलं, विचाराधीन आहे.

८ एप्रिल

आज पहाटे पार्किंगमध्ये गाडी आडवी झाली. मी फक्त सोबत होतो.

वेग शून्य होता, हे नोंदवून ठेवतो. गाडी बाहेर काढताना हँडल पूर्ण वळवलं, गाडी जरा कलली, ती मला धरायला गेली की मी तिला, नक्की सांगता येणार नाही. डावा पाय खाली सापडला. दुखत नव्हतं, पण निघतही नव्हता. हाक मारायची की नाही, यावर थोडा विचार केला. मग मारली.

ही कामाला निघालीच होती. धावत आली. मला वाटलं शेजारपाजारचे दोघे-तिघे बोलवावे लागतील. तिने पेटी खाली ठेवली, गाडीकडे पाठ केली, बूड सीटला टेकवलं, एका हाताने हँडल आणि एका हाताने मागची दांडी धरली आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत ती सबंध गाडी उभी केली. दोन माणसांच्या वजनाची गाडी! घोडी लावली. मग खाली बसून माझा घोटा दाबून पाहिला. हे दुखतं का, हे दुखतं का, असं विचारत. आवाज कापत होता तिचा. गाडी उचलताना कापला नव्हता.

जिन्यावर बसलो दोघं. विचारलं, हे कोणी शिकवलं तुला?

म्हणाली, दादाची मोटरसायकल होती. तो बाहेरगावी गेला तेव्हा मला देऊन गेला. लग्नाआधी चार वर्षं तीच चालवत होते. लॅबला, मैत्रिणींकडे, उगीचच लांब कुठेतरी. पहिल्या महिन्यात तीनदा पडले, तेव्हा उचलायला शिकले. लग्न ठरलं तेव्हा विकली.

मी म्हटलं, हे मला कधी बोलली नाहीस.

म्हणाली, बोलले होते. नवीनच होते घरात. तुम्ही त्या दिवशी संध्याकाळभर मला समजावत होतात की दुचाकीचा तोल बायकांच्या हातात का राहत नाही.

मला आठवत नाही. बहुधा दमलेलो असेन.

तिला उशीर होत होता. उठली, पेटी उचलली. मी किल्ली पुढे केली. तिने घेतली नाही. म्हणाली, पायाला बर्फ लावा, आणि बस पकडायला पळाली. पळतानासुद्धा दोनदा मागे वळून बघितलं. माझ्याकडे असावं. मध्ये गाडी होती.

८ एप्रिल, दुपार

पाय उशीवर. बर्फ वितळला.

मालकांना फोन केला. म्हटलं, दुचाकी बॅचसाठी माझ्याकडे एक नाव आहे. कोणाचं, म्हणाले. म्हटलं, आमच्याच घरातलं. पुष्कळ विचारांती मी शिफारस करतोय. ते म्हणाले, मास्तर, शिफारस पोचली.

पण तिचा होकार तिलाच विचारून घ्या, असंही मी सांगितलं. हे तर मालकांना सुचलंही नसतं.

१ मे

हिची बॅच सुरू. नऊ जणी आल्या. डेंटिस्टबाई पहिल्या रांगेत. लॅबने तिला पहाटेची फेरीच तेवढी ठेवून दुपार मोकळी दिली. स्कूलच्या नव्या गाड्या अजून यायच्यात, म्हणून तोवर आमचीच गाडी वापरतात.

मी मार्गदर्शनासाठी गेलो होतो. भाषण तयारच होतं. हिने भाषण वगैरे काही केलंच नाही. गाडी सावकाश आडवी केली आणि म्हणाली, आज सगळ्यांनी ही फक्त उचलायची. सगळ्या हसल्या. मग एकेकीने उचलली. एक आजीबाई होत्या, त्यांनी उचलली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आजीबाई रडायलाच लागल्या.

पद्धत चुकीची आहे, असं म्हणवत नाही.

१६ मे

बॅच संपल्यावर ही मला अर्धा तास देते. मी तिला तशी संधी दिलीय. पुरुष विद्यार्थी शिकवायचा अनुभव तिला कुठून मिळणार?

ती माझ्यासारखं बोलत नाही. मी बोलतो, हळू, डावीकडे, अहो बघा, क्लच क्लच क्लच. ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहते आणि म्हणते, माझ्याकडे बघत या. बस एवढंच. आज शंकूंकडे न बघता तिच्याकडे बघत गेलो. आठ कधी पूर्ण झाला ते कळलं नाही.

योगायोग असेल. उद्या पुन्हा बघू.

४ जून

तिसरी टेस्ट. पास.

परीक्षकांनी खुर्ची झाडाखाली लांब नेऊन ठेवली होती. आठ काढून झाल्यावर ते म्हणाले, फरक आहे. कोणाकडे शिकलात? म्हटलं, मी स्वतःच शिकवतो. मग जरा थांबून म्हटलं, एका स्कूलमध्ये, तिथे एक बाई आहेत. ते म्हणाले, माहीत आहे, काल त्यांच्या दोघी आल्या होत्या, दोघीही पास.

२२ जून

लायसन्स पोस्टाने आलं. फोटो गंभीर आहे, पण करारी.

स्कूलमधून आज हक्काची सुट्टी घेतली. जॅकेट चढवलं, हेल्मेट घातलं, आईला नमस्कार केला. आयुष्यातली पहिली अधिकृत फेरी. आई म्हणाली, सावकाश जा, आणि येताना तूरडाळ आण. खाली गेलो. पार्किंग रिकामं. गाडी बॅचला गेली होती.

चालत मैदानावर गेलो. हेल्मेट हातात धरून चालणाऱ्या माणसाकडे लोक फार बघतात, म्हणून डोक्यावरच ठेवलं. मग जास्त बघायला लागले.

मैदानावर उरलेल्या सातजणी रांगेत उभ्या. स्कूलच्या गाड्यांपैकी एक सर्व्हिसिंगला गेलेली. हिला लायसन्स दाखवलं. तिने दोन्ही हातांनी धरून वाचलं, हसली, सगळ्यांना दाखवलं. टाळ्या झाल्या. म्हटलं, किल्ली? म्हणाली, अहो, उद्या यांची टेस्ट आहे. रांगेत उभे राहता का? डेंटिस्टबाईंच्या मागे उभा राहिलो. नंबर येईपर्यंत बॅच संपली.

येताना ती म्हणाली, तुम्ही चालवा. पण ऊन उतरलं होतं, रस्त्याला गर्दी होती आणि ती दिवसभर उभी राहून दमलेली. दमलेल्या माणसाला मागे बसवणं धोक्याचं असतं. म्हणून मी मागे बसलो.

मागून काही सांगायची वेळ आली नाही. दोनदा तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा तिने आधीच गाडी हळू केली होती. दुकानापाशी थांबून डाळ घेतली.

फाटकापाशी मी उतरलो आणि फाटक धरलं. तिथे कार लावलेली होती, जागा वीतभर. तिने एकदाच मागे पाहिलं, हँडल पूर्ण वळवलं आणि गाडी अलगद आत नेऊन जागेवर लावली. एकवीस वर्षांत इतकं चांगलं वळण मी कोणाला शिकवलेलं नाही. तसं तिला मोठ्याने सांगितलं. शब्दही नेमके सुचले होते.

तिने कानाला हात लावला. म्हणाली, काय म्हणताय? आधी ते हेल्मेट काढा, काही ऐकू येत नाही.

पट्ट्याचं बक्कल अडकलं होतं. ते सुटेपर्यंत ती डाळ घेऊन जिना चढून गेली होती.